बदलीच्या घरातला थाट

28 मे 1948 रोजी मध्य भारत राज्य अस्तित्वात आलं आणि ग्वाल्हेर त्याची हिवाळी राजधानी झाली. उन्हाळी राजधानीचा मान इंदूरला मिळाला. 1 नोव्हेंबर 1956 ला ते राज्य मध्य प्रदेशात विलीन झालं, राजधानी भोपाळला गेली, पण काही मोठ्या कचेऱ्या ग्वाल्हेरच्या पदरात राहिल्या: महालेखाकारांचं कार्यालय, महसूल मंडळ, परिवहन, अबकारी, भूमी अभिलेख. कचेऱ्या आल्या की बदल्या आल्या, आणि बदल्या आल्या की क्वार्टर आलं. मुरारच्या बाजूला असलेलं थाटीपूर शहरात ओळखलं जातं ते अशाच शासकीय वसाहतीसाठी. जुन्या क्वार्टरांच्या जागी नवं बांधकाम करायची योजना अलीकडे आली आणि आसपास खासगी कॉलन्याही उभ्या राहिल्या. पण क्वार्टर असो की भाड्याचं घर, अडचण तीच असते. भिंती आपल्या नाहीत, पगार बेताचा, आणि दोन-चार वर्षांनी सामान ट्रकमध्ये चढणार हे ठरलेलं.

अशा घरात राहणारी माणसं बहुधा म्हणतात, "आपलं घर झालं की मग सजवू." मला हे फार चुटपुट लावणारं वाटतं. आपलं घर होईपर्यंत मुलं मोठी होऊन जातात. त्यांना आठवतं ते क्वार्टरच: पांढरी ट्यूबलाइट, भिंतीवर दुकानाचं कॅलेंडर, खिडकीला अर्धवट लटकलेला पडदा. या प्रकरणात मला एकच गोष्ट पटवायची आहे. जे ट्रकमध्ये चढतं त्यावर पैसे घाला, जे भिंतीला चिकटून मागे राहतं त्यावर कमीत कमी. कापड, दिवा, चांगली बैठक, हाताने घडवलेली एखादी वस्तू आणि आजीच्या ट्रंकेतलं पितळ एवढ्यावर घर उभं राहतं, आणि पुढच्या गावीही तेच घर पुन्हा उभं करता येतं.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांना हे जरा अवघड गेलं, त्याला कारण आहे. शहराचा लष्कर हा भाग म्हणजे मूळची दौलतराव शिंद्यांची छावणी, 1810 च्या सुमाराची. त्या छावणीच्या आसऱ्याने सरदारांचे वाडे उठले आणि फाळक्यांच्या, पाटणकरांच्या नावाचे बाजार आजही तिथे आहेत. वाड्याला वेगळी सजावट लागत नसे. दगडी महिरप, चौकात वरून पडणारं ऊन, दिव्यासाठी कोनाडा, बसायला ओटा हे सगळं बांधणाऱ्यानेच दिलेलं असे. त्या वाड्यांतली पुढची पिढी नोकरीला लागून दोन खोल्यांत आली तेव्हा कोनाडा मागे राहिला आणि समई फ्रीजवर गेली. वाड्याने फुकट दिलेल्या गोष्टी क्वार्टरात आपल्या आपण करून घ्याव्या लागतात, आणि ती युक्ती कोणी शिकवलेली नसते.

हिशोबाला आकडा लागतो म्हणून धरून चालू की पुढची खोली बारा फूट बाय दहा, उंची दहा फूट, मागे एक निजायची खोली आणि स्वयंपाकघर, आणि वर्षभरात यावर घालायला पंधरा हजार रुपये आहेत. ही रक्कम एकदम घेऊन बाजारात गेलात तर एक बरासा सोफा येईल आणि खोली पूर्वीइतकीच उदास राहील, शिवाय अर्धी जागा अडेल. तेव्हा पहिला महिना काहीच विकत घेऊ नका. पुढच्या खोलीतलं सगळं सामान एका रविवारी बाहेर काढा आणि रिकाम्या खोलीत सकाळी, दुपारी, संध्याकाळी पाच-पाच मिनिटं बसा. ऊन कुठून येतं, कुठवर सरकतं, वारा कोणत्या खिडकीतून शिरतो आणि कुठून निघतो, हे पाहून मगच एकेक वस्तू आत घ्या. जिच्यासाठी जागा सुचत नाही ती बाहेरच राहू द्या. या एका दिवसाने जेवढा फरक पडतो तेवढा पहिल्या पाच हजारांनीही पडत नाही.

ग्वाल्हेरात सजावटीचा पहिला प्रश्न उन्हाचा आहे. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, लू वाहते, धुरळा दारा-खिडक्यांच्या फटींतून आत येतो, आणि जानेवारीत तेच घर गारठून जातं. इथे शोभेची वस्तू आधी उन्हाशी जमवून घेते की नाही ते पाहावं लागतं. पश्चिमेच्या खिडकीला काळपट, जाड, गुळगुळीत पडदा लावला की दुपारी खोली अंधारी होते, तरी तापतेच, कारण ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं आणि कापड तापून ती ऊब खोलीत सोडत राहतं. ऊन अडवायचं ते खिडकीच्या बाहेर. बांबूची चीक किंवा वाळ्याची टट्टी बाहेरून बांधली, दुपारी तिच्यावर पाणी शिंपडलं, की आत येणारा वारा गार होतो आणि त्याला वास येतो. आतल्या बाजूला मग फिकट सुती पडदा पुरतो. आणि कूलर असेल तर त्याच्या समोरची खिडकी उघडीच हवी. आत आलेल्या ओलसर हवेला बाहेर पडायला वाट लागते. तिथे जाड पडदा ओढला तर घरात नुसता दमटपणा साठतो.

सोळाव्या शतकाच्या तोंडावर राजा मानसिंह तोमराने किल्ल्यावर मानमंदिर बांधलं तेव्हा त्याच्यापुढेही हाच प्रश्न होता. त्याने दोन मजले जमिनीखाली घेतले. 1528 साली बाबर किल्ला बघायला आला तेव्हा त्याला महालाची बाहेरची कारागिरी आवडली, पण खोल्या काळोख्या आणि कोंदट वाटल्या. आतल्या माणसाला त्या काळोखात गारवा मिळत होता. आपल्याला मात्र त्या महालाकडून दुसरी एक गोष्ट घेण्यासारखी आहे, आणि ती फार स्वस्त आहे.

शहराकडे तोंड केलेली त्याची पूर्वेची भिंत साधारण तीनशे फूट लांब आणि ऐंशी फूट उंच. एवढ्या अवाढव्य भिंतीवर रंग किती आहे ते नीट बघावं. बहुतेक सगळी भिंत दगडाच्याच रंगाची आहे. तिच्यावर निळ्या, हिरव्या, पिवळ्या चकाकत्या फरशांचे अरुंद पट्टे फिरवलेत. त्यात बदकांची ओळ, हत्ती, मगरी, केळीची झाडं. एवढ्याशा रंगाने ती भिंत दुरून ओळखू येते. कारण रंग एका ओळीत, ठरावीक उंचीवर आहे आणि बाकीची भिंत गप्प आहे. आपल्याकडे याच्या उलट घडतं. एक भिंत जांभळी, तिच्यावर चंदेरी वेल, दुसरीवर चिकटवायचा कागद, छताला निळी झाक. खोली बारा बाय दहाची आणि रंग मात्र चार.

तेव्हा रंगाचा हिशोब असा करावा. खोलीच्या चारही भिंतींचं क्षेत्रफळ चारशे चाळीस चौरस फूट. दारं-खिडक्या वजा जाता तीनशे ऐंशी. साध्या इमल्शनचे दोन हात द्यायचे तर एका लिटरमध्ये साधारण साठ-सत्तर चौरस फूट होतात, म्हणजे सहा लिटर लागतील. पण भिंती बऱ्या स्थितीत असतील तर सगळी खोली रंगवायची गरजच नाही. जमिनीपासून साडेतीन फुटांपर्यंतचा पट्टा रंगवा. हात, खुर्चीच्या पाठी, मुलांचे पाय यांनी भिंत मळते ती एवढ्याच भागात. दारांची जागा सोडून हा पट्टा सव्वाशे चौरस फुटांचा होतो आणि दोन लिटरमध्ये आटपतो. रंग शेवाळी घ्या, विटकरी घ्या किंवा मानमंदिराचा तो किंचित हिरवट निळा. वरची भिंत मोतिया किंवा फिकट बदामी ठेवा. ग्वाल्हेरच्या भगभगीत उजेडात पांढराशुभ्र रंग डोळ्यांना टोचतो. कडेला सरळ रेघ यावी म्हणून पाणसळ-सूत लावून पेन्सिलची खूण करा आणि कागदी चिकटपट्टी लावूनच ब्रश हातात घ्या. ही कड डुगडुगली तर सगळं काम फसतं. एक सावधगिरी हवी: जुन्या घरात आधी चुना मारलेला असतो. त्याच्यावर थेट इमल्शन चढवलं तर पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. चुना खरवडून, पुसून, प्रायमर देऊन मग रंग द्यावा. आणि क्वार्टर सोडताना तो पट्टा पुन्हा मोतिया करून द्यायला एक दिवस पुरतो.

आता दिवे. या विषयावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मला विचाराल तर कमी पैशात घर बदलणारी याच्याइतकी दुसरी गोष्ट नाही. जानेवारी 2015 मध्ये केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि एलईडी बल्ब सामान्य घरांच्या आवाक्यात आला. विजेचं बिल उतरलं, ते चांगलंच झालं. पण त्याबरोबर घराघरांत एकच पांढरा उजेड पसरला. बल्बच्या खोक्यावर 6500 के असं छापलेलं असतं. हा भर दुपारच्या आकाशाचा रंग, ऑफिसच्या टेबलाला ठीक. संध्याकाळी घरी बसायला 2700 किंवा 3000 के हवा, जुन्या पिवळ्या बल्बच्या जवळचा. किमतीत फरक नसतो, नुसतं मागून घ्यावं लागतं. दुसरं म्हणजे उजेड कुठून येतो. छताच्या मधोमध एकच दिवा असला की सगळ्यांच्या डोळ्यांखाली सावली पडते आणि भिंती सपाट दिसतात. बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला येतील असे दोन दिवे दोन कोपऱ्यांत ठेवा, सात-नऊ वॉटचे पुरतात. एक दिवाणाशेजारी, एक पुस्तकांजवळ. छतावरचा दिवा पाहुणे आले, सुई हरवली, अभ्यास करायचा असला की लावावा. दिव्याला टोपी म्हणून बुरुडाकडची विरळ विणीची टोपली उलटी टांगली तरी भिंतीवर जाळी उमटते. एलईडी तापतो कमी, पण तापतोच, म्हणून बल्ब आणि बांबू यांच्यात चार बोटांचं अंतर राखावं.

जाळीचं नाव निघालं तर शहरातल्या हजिरा भागात जाऊन सूफी संत मोहम्मद गौस यांची कबर एकदा बघाच. तानसेनाची समाधी शेजारीच असल्यामुळे लोक तिकडे वळतात आणि सोळाव्या शतकातल्या या इमारतीच्या भिंतींकडे घाईने बघून परत येतात. चारही बाजूंना दगडात कोरलेल्या जाळ्या आहेत, प्रत्येकीची नक्षी वेगळी. बाहेर डोळे दिपवणारं ऊन असताना आत चालता येईल असा निवांत उजेड असतो, आणि वारा फिरत राहतो. लॉरी बेकर या इंग्लंडात जन्मलेल्या आणि केरळात स्थायिक झालेल्या वास्तुकाराने गरिबांसाठी घरं बांधताना हीच युक्ती साध्या विटांनी केली. काही विटा गाळून भिंतीलाच जाळी पाडली. खिडकीची चौकट, गज, काच यांचा खर्च वाचला आणि उजेड-वारा दोन्ही मिळाले. क्वार्टरात आपण वीट हलवू शकत नाही. पण गॅलरीच्या कठड्यावर मातीच्या जाळीदार विटांची सुटी रांग, किंवा भंगारवाल्याकडून मिळालेली जुन्या खिडकीची लाकडी जाळी उन्हाच्या बाजूला उभी केली की जमिनीवर तीच नक्षी पडते. जातानाही ती बरोबर नेता येते.

थाटीपुरातल्या एका काकूंच्या घरी मी खिडकीला चंदेरीचा पडदा पाहिला. मूळ साडी त्यांच्या सासूबाईंची, फिकट अबोली, बारीक बुट्ट्यांची. मी कौतुकाने हात लावला तर म्हणाल्या, "अहो, पेटीत ठेवून ठेवून घड्यांवर विरत चालली होती. आता निदान रोज दिसते तरी." साडी जिथे विरली नव्हती तो भाग त्यांनी कापून घेतला होता. त्याच्या मागे मलमलीचं अस्तर वरच्या काठालाच टाचलं होतं, खाली दोन्ही कापडं सुटी. वाऱ्याने मलमल हलायची आणि बुट्टे तिच्यावर सावलीसारखे सरकायचे. दांडी खिडकीच्या चौकटीवर न ठोकता छताच्या जवळ घेतली होती, आणि पडदा जमिनीपासून बोटभर वर थांबत होता. त्या एका गोष्टीने दहा फुटी खोली बारा फुटी वाटत होती.

चंदेरी ग्वाल्हेर संस्थानातलीच. शिंदे सरकारने 1910 मध्ये तिथे विणकामाचं शिक्षण देणारं केंद्र काढलं, आणि 2005 मध्ये या कापडाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याची ती काचेसारखी पारदर्शक झाक येते रेशमातला नैसर्गिक डिंक पुरता न काढल्यामुळे. त्याच कारणाने ते घडीवर लवकर तुटतं. म्हणून जुनी चंदेरी घडी घालून ठेवण्यापेक्षा नळकांड्यावर गुंडाळून ठेवावी, नाहीतर काकूंसारखी वापरात आणावी. फक्त पश्चिमेच्या खिडकीला नको. कडक उन्हात रेशीम दोन उन्हाळ्यांत कुजतं. काकूंची खिडकी उत्तरेची होती.

ज्यांच्या पेटीत चंदेरी नाही त्यांनी खंत करू नये. साधं हातमागाचं सुती कापड मीटरला दीडशे-दोनशेत मिळतं आणि छान पडतं. मापात मात्र कंजुषी नको. चार फुटी खिडकीला चार फुटांचा पडदा लावला तर तो ओढल्यावर टॉवेल वाळत घातल्यासारखा दिसतो. रुंदी दांडीच्या दुप्पट हवी. म्हणजे अठ्ठेचाळीस इंची पन्ह्याचे दोन तुकडे. दांडी साडेसात फुटांवर असेल तर वर-खालच्या दुमडीसाठी नऊ इंच धरून प्रत्येक तुकडा अडीच मीटरचा. एकूण पाच मीटर, हजार रुपयांच्या आत. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, तेव्हा शिवायच्या आधी एक रात्र पाण्यात भिजवून वाळवून घ्या. शिलाईचे पैसे घरच्या मशीनने वाचतात. पडद्याला नुसत्या सरळ शिवणी असतात.

बैठकीचं सांगायचं तर सोफा विसरा. दहा फुटी रुंदीच्या खोलीत तीन जणांचा सोफा आणि समोर काचेचं टेबल ठेवलं की माणसांना तिरकं होऊन चालावं लागतं. पंधरा-सोळा इंच उंचीचा साधा लाकडी दिवाण भिंतीला लावा, त्यावर कापसाची गादी, हातमागाची चादर, दोन लोड. बैठक खाली आली की छत उंच भासतं, आणि पाहुणा राहिला तर त्याच दिवाणावर निजतो. दिवाण किंवा खुर्च्या जुन्या घ्यायच्या असतील तर दोनच गोष्टी तपासा. सांधे डगडगत असतील तर काही बिघडत नाही, सुतार खुंटी आणि सरस घालून तासाभरात घट्ट करतो. पण पायाशी पिठासारखी भुकटी पडलेली दिसली, लाकडाला टाचणीएवढी भोकं असली, तर किंमत कितीही पडती असो, हात लावू नका. ती कीड तुमच्या दाराच्या चौकटीत जाईल. सुकलेल्या लाकडाला जवसाचं तेल कापडाने पातळ चोळलं की रंग वर येतो. मात्र ते तेलकट फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि दाबलेला बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात तर हे कटाक्षाने पाळावं. फडकं दोरीवर पसरून वाळवावं आणि मगच टाकावं.

फोटो आणि चित्रं. जुन्या मराठी घरांत पूर्वजांच्या तसबिरी छताला लागून, पुढे झुकवून टांगायची पद्धत होती. माजघरात जमिनीवर बसलेल्या माणसाला त्या बरोबर दिसत. आता तेच फोटो त्याच उंचीवर असतात आणि कोणी मान वर करत नाही. त्यांना डोळ्यांच्या पातळीवर आणा, चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच-पाच फुटांवर. घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारा. पण आजोबांचा चेहरा जवळून दिसू लागला की तेच पहिले खूश होतात, असा माझा अनुभव आहे. क्वार्टरच्या भिंतीला दहा खिळे ठोकण्यापेक्षा एक सहा फुटी लाकडी पट्टी दोन स्क्रूंवर बसवा आणि सगळ्या तसबिरी तिच्यावरून दोरीने सोडा. जागा बदलायची तर आकडा सरकवला की झालं, आणि जाताना दोनच भोकं बुजवायची.

या पट्टीवर लावण्यासारखं एक खास ग्वाल्हेरी काम आहे. लष्करातल्या चितेरा ओळीत चितेऱ्यांची घरं होती. लग्न ठरलं की हे चितेरे दाराच्या दोन्ही बाजूंना गणपती, हत्ती, घोडेस्वार, मोर काढून देत. तेलरंग आणि तयार स्टिकर आले आणि ते काम मागे पडलं. शहरात अलीकडे ती कला पुन्हा शिकवायचे प्रयत्न झालेत. क्वार्टरच्या भिंतीवर काढून घ्याल तर बदलीत मागे राहील आणि पुढचा रहिवासी त्यावर चुना फासेल. त्यापेक्षा अडीच-तीन फुटी प्लायच्या फळीवर काढून घ्यावं. दाराशेजारी टेकवून ठेवलं की दारालाच सजवल्यासारखं होतं. त्याखाली रोजची रांगोळी. छापील चित्राच्या चौकटीला जेवढे पैसे देतो त्याच्या आसपास कारागिराला मिळावेत, आणि घासाघीस करू नये, असं मला मनापासून वाटतं. पैसे वाचवायचे ते सोफ्यात वाचवावेत. हाताच्या कामात वाचवू नयेत.

पितळ-तांब्याबद्दल थोडक्यात. जवळजवळ प्रत्येक मराठी घरात घंगाळ, हंडा, पानाचा डबा, समई असते आणि बहुधा माळ्यावर असते. घंगाळात पाणी घालून चार फुलं सोडली, हंड्यात छत्र्या ठेवल्या, पानाच्या डब्यात किल्ल्या, की ती वस्तू कामाला लागते. चिंचेने घासा, पण आरशासारखी लखलखीत करायचा आटापिटा नको. खोलगट भागातली काळपट झाक राहू दिली तर नक्षी उठून दिसते. एका खोलीत अशी एकच मोठी वस्तू पुरे, पाच ठेवल्या की भांड्यांचं दुकान वाटतं. मोठ्या महालातही शेवटी नजर एका गोष्टीवरच ठरते. जयाजीराव शिंद्यांनी 1874 मध्ये मायकेल फिलोज यांच्याकडून बांधून घेतलेल्या जयविलास महालात खोल्या मोजता मोजवत नाहीत, पण बाहेर पडलेला प्रत्येक जण दरबार हॉलच्या दोन झुंबरांचंच बोलतो. एकेक साडेतीन टनांचं, आणि ती टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून बघितले अशी कथा सांगतात.

झाडांना फार पैसे लागत नाहीत. तुळस, कोरफड, मनीप्लँट, जानेवारीत झेंडू. कुंड्या मातीच्याच घ्या, प्लॅस्टिकच्या कुंडीत मे महिन्यात मुळं उकडतात.

राहता राहिली खरेदीची वेळ, आणि याबाबतीत थाटीपूरकर नशीबवान आहेत. माधवराव शिंद्यांच्या काळात 1905 साली सुरू झालेला ग्वाल्हेरचा व्यापार मेळा दर हिवाळ्यात भरतो, आणि मैदान थाटीपुरापासून फार लांब नाही. खुर्ज्याची चिनी माती, सहारनपूरचं लाकूडकाम, हातमागाच्या चादरी, गालिचे सगळं एका ठिकाणी बघायला मिळतं. पहिल्या फेरीत पाकीट घरी ठेवून जा. फक्त भाव विचारा, मापं लिहून घ्या. मेळा उठायच्या बेतात असतो तेव्हा दुकानदाराला माल परत न्यायचा नसतो. खुर्ज्याच्या बशा-वाट्यांत एखादा रंगाचा ठिपका चुकलेला असला तर त्या वेगळ्या ढिगात स्वस्त मिळतात. सहा सारख्या घेण्यापेक्षा एकाच निळ्या रंगातल्या सहा निरनिराळ्या घेतल्या तर पान जास्त खुलतं, आणि पुढे एक फुटली तर संच मोडत नाही.

गालिच्याच्या दुकानात मात्र सावध राहावं. ग्वाल्हेरच्या हातविणीच्या गालिच्याला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा नाव सगळेच सांगणार. गालिचा उलटा करा. गाठी मारून विणलेला असेल तर मागच्या बाजूलाही नक्षी पुढच्याइतकीच स्पष्ट दिसते आणि एकेक गाठ बोटाला लागते. मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो गाठींचा नव्हे. बंदुकीने लोकर ठोकून डिंकाने धरलेला असतो, आणि काही वर्षांनी त्या डिंकाची भुकटी पडू लागते. टोकाची झालर बघा. खऱ्या गालिच्यात ती ताण्याचेच धागे पुढे आलेले असतात, यंत्राच्या गालिच्यात ती वेगळी शिवलेली असते. तीन बाय पाच फुटांचा चांगला हातविणीचा गालिचा आपल्या पंधरा हजारांत बाकीच्या गोष्टींसह बसणं कठीण आहे. पहिल्या वर्षी जाड सुती सतरंजी घ्यावी. ती धुता येते, उन्हाळ्यात तापत नाही, आणि दुसऱ्या बाजूनेही वापरता येते.

वर्षाचा क्रम मग असा पडतो. दिवाळीआधी पुताईच्या दिवसांत रंगाचा पट्टा आणि दिवे, दोन्ही मिळून दोन-अडीच हजार. डिसेंबरात जुना दिवाण, सुतार, गादी, चादर, साडेचार-पाच हजार. मेळ्यात सतरंजी आणि बशा, दोन हजार. होळीच्या सुमारास पडद्यांचं कापड आणून शिवायला बसावं, म्हणजे लू सुरू व्हायच्या आत चीक आणि पडदे दोन्ही लागलेले असतात. तिथे दोन हजार. चितेऱ्याच्या फळीला दीड-दोन हजार बाजूला काढा. उरलेले दीड ते तीन हजार खर्च करायची घाई नको. ते वेगळ्या पाकिटात ठेवून दर महिन्याला त्यात थोडी भर घालत राहिलात, तर तिसऱ्या-चौथ्या मेळ्यात तो तीन बाय पाचचा गालिचा उलटा करून बघताना भाव विचारायला संकोच वाटणार नाही. तोवर बदली झालीच, तरी दिवाण, दिवे, पडदे, फळी आणि तसबिरींची पट्टी ट्रकमध्ये पहिल्या फेरीतच चढतील. पडदे सगळ्यात शेवटी काढावेत आणि नव्या घरी सगळ्यात आधी लावावेत.